सातवी सीट

चिपळूणला माझ्या माहेरी जायचं ठरलं की आमच्या कराडच्या घरात बॅगा निघायच्या आधी आत्या बोलायच्या. "मी थांबते घरी. दूधवाला येतो, मांजराला कोण बघणार?" आत्या म्हणजे नवऱ्याच्या आत्या, गेली अकरा वर्षं आमच्याजवळच असतात. मांजर दिवसभर शेजाऱ्यांकडे असतं हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आमची गाडी पाच माणसांची आणि घरात आम्ही सात: आई आणि नाना म्हणजे माझे सासू-सासरे, आत्या, आम्ही दोघं, नववीतली लेक आणि चौथीतला मुलगा. मुलाला मांडीवर घेतलं की सहा जण कसेबसे मावायचे. मागे कोण राहणार हा प्रश्न कुणी काढायच्या आत आत्या तो मिटवून टाकायच्या.

गेल्या वर्षी शिमग्याहून परत आल्यावर लेकीने सहज विचारलं, "आत्याआजीने तुझं चिपळूणचं घर पाहिलंय का गं?" पाहिलेलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आता सात जणांची गाडी घ्यायची. नवी परवडणार नाही, जुनी घेऊ. पण सातही जण नीट बसले पाहिजेत आणि कुंभार्ली घाटात ती उभी राहता कामा नये.

नवऱ्याने घरात सांगितलं की गाडी ही बघेल. त्याचं कारण होतं. माझे वडील चिपळुणात व्हॅन चालवायचे आणि मी त्यांच्या शेजारी बसून वाढले. मारुतीने 1984 साली आणलेली ती व्हॅन. 1988 मध्ये तिचं नाव ओम्नी झालं, पण आमच्या गल्लीत ते कुणी कधी उच्चारलं नाही. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात मांड्यांना चटका बसायचा. सरकतं दार खर्रकन उघडलं की आतून नऊ-दहा माणसं, दोन फणस आणि एखादी कोंबडी उतरायची. चालवणाऱ्याच्या पायांपुढे नुसता पत्रा आहे आणि धडक बसली तर पहिले गुडघेच जाणार, हे तेव्हा कुणाच्या मनात येत नसे. 2019 मध्ये ती गाडी बनायची बंद झाली. त्या व्हॅनवर माझं अजून प्रेम आहे, पण माझ्या मुलांना मी तशा गाडीत बसवणार नाही.

आमचं बजेट सात लाख, त्यातले पन्नास हजार गाडी घेतल्यावर लगेच लागणाऱ्या कामांसाठी बाजूला. हे पन्नास हजार आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी बाजूला काढायला लावले. "वहिनी, जुनी गाडी घेतली की ऑइल, फिल्टर, कूलंट, ब्रेक पॅड आणि लागले तर टायर, हे सगळं धरूनच किंमत बघायची. सगळे पैसे गाडीत घातले तर पहिल्या महिन्यात ती दारात उभी राहते." मी गाडी शोधणाऱ्या प्रत्येकाला आता हेच सांगते.

मग एजंट, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे, असा दोन महिन्यांचा फेरा सुरू झाला. सात सीटच्या जुन्या गाड्यांत आमच्या भागात दोनच नावं सारखी कानावर येतात, इनोव्हा आणि अर्टिगा. टवेरा, झायलो, लॉजी याही निघतात आणि किमतीत बसतात. पण त्या बनायच्या बंद झाल्या आहेत आणि उद्या एखाद्या सुट्या भागासाठी कराडात बसून वाट पाहायची माझी तयारी नव्हती. गाडी भरवशाची म्हणताना मी एवढंच बघत होते, की ती बिघडली तर पाटणच्या किंवा हेळवाकच्या मिस्त्रीलाही तिचं पोट माहीत असलं पाहिजे.

तिसरी गाडी पाहिली ती सांगलीच्या बाजूला एका डीलरकडे. पांढरी अर्टिगा, डिझेल, 2017 ची. रंग आरशासारखा, सीट कव्हर नवी, खाली मॅटिंग नवं, आत सुगंधाची बाटली. किंमत बाजारापेक्षा साठ-सत्तर हजारांनी कमी. नवऱ्याचे डोळे चमकले. मी दार उघडून शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि सुगंधाच्या खाली मला तो दुसरा वास आला.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरलं, तेव्हा दादाची गाडी अंगणात उभी होती. रस्ता सुरू झाल्यावर मी गेले आणि चार दिवस गाळ उपसत होते. त्या गाळाला एक वास असतो. चिखल, डिझेल, भिजून आंबलेलं धान्य आणि ओला प्लायवूड, सगळं मिळून एक. नंतर वर्षभर माझ्या आईच्या कपाटाच्या बिजागरीतून बारीक, पिठासारखा करडा गाळ निघत होता. दादाच्या गाडीला विमा कंपनीने टोटल लॉस दिला, म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही असं ठरवलं, आणि ती भंगारात गेली. सर्वेअरने तेव्हा दादाला समजावलं होतं: इंजिन धुऊन सुरू करता येतं, पण वायरिंगच्या जोडण्यांमध्ये शिरलेलं पाणी हळूहळू तांबं खातं, जोडण्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, आणि सहा-आठ महिन्यांनी गाडी कुठेही, कसलीही सूचना न देता बंद पडते. एअरबॅगचा कंट्रोलर आणि इंजिनचा संगणकही त्याच तारांवर असतात.

म्हणून मी सांगलीच्या त्या गाडीत शेवटच्या रांगेचा सीट बेल्ट हाताने ओढत राहिले. तो शेवटच्या टोकापर्यंत ओढायचा असतो, कारण धुणारा माणूस बाहेर दिसणारा पट्टा धुतो, आत गुंडाळलेला राहून जातो. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी तपकिरी रेघ होती. पाणी जिथपर्यंत चढलं तिथपर्यंतची. मिस्त्रींनी पुढच्या सीटखाली हात घालून, सीट ज्यावर पुढे-मागे सरकते त्या रेलचे बोल्ट पाहिले, गंजलेले. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात तोच पिठासारखा गाळ. डीलर म्हणाला, "मॅडम, वॉशिंगमध्ये लागलं असेल." मी काही बोलले नाही. पण त्या गाडीत उद्या कुणाची तरी मुलं बसतील, ह्या विचाराने मला परतीच्या वाटेवर फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. 2019 ला कोल्हापूर-सांगली बुडाली, 2021 ला चिपळूण. ज्यांची गाडी बुडाली त्यांच्यावर संकटच कोसळलेलं असतं. पण बुडालेली गाडी चकाचक करून न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात मारणं याला मी फसवणूकच म्हणते.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. प्रत्येक गाडीत आधी शेवटच्या रांगेत बसायचं आणि ट्रायल पूर्ण होईपर्यंत तिथेच बसायचं. गाडी बघायला गेलेला माणूस चालकाच्या जागी बसतो, स्टिअरिंग धरतो, गिअर टाकून पाहतो. मागच्या रांगेत बसणाऱ्याला कुणी विचारत नाही, आणि आमच्याकडे तर गाडीच मुळात मागच्या रांगेसाठी घ्यायची होती.

तिथे बसलं की बऱ्याच गोष्टी कळतात. ती सीट मागच्या चाकांच्या वर किंवा थोडी मागे असते, त्यामुळे खड्डा पुढच्या माणसाला टपली मारतो तर मागच्याला उचलून आपटतो. वळणावर शेपूट हलावं तशी ती बाजू हलते. ज्यांना गाडी लागते त्यांनी तिथे बसूच नये. आत्यांना लागते. तिथली काच बहुतेक गाड्यांत पक्की असते, उघडत नाही. मागे वेगळा एसी ब्लोअर नसेल तर उन्हाळ्यात पुढे स्वेटर आणि मागे घाम अशी अवस्था होते. जमीन उंच आणि सीट खुजी असेल तर गुडघे छातीशी येतात. तरुण मुलगी अर्धा तास बसेल, साठीच्या माणसाची कंबर धरते. डोक्याला टेकू आहे का आणि डोक्यामागे काचेपर्यंत किती अंतर आहे, हेही तिथे बसल्यावरच दिसतं. आणि बेल्ट. दोन्ही कडेला खांद्यावरून येणारा पूर्ण बेल्ट आहे का, की नुसता कमरेचा पट्टा, हे हाताने लावून बघायचं.

अशा बसून-बसून माझं मत पक्कं झालं. 2012 साली आलेली पहिली अर्टिगा गुणी गाडी आहे. 1248 सीसीचं डिझेल इंजिन, ॲव्हरेज चांगलं, इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमीट करणाऱ्या टायमिंगला बेल्टऐवजी चेन, आणि पायरी खाली असल्यामुळे आईंच्या गुडघ्यांना ती सोयीची. पण सगळ्या सीट उभ्या केल्या की डिकी उरते फक्त 135 लिटरची. सात माणसं बसवली तर सात माणसांच्या बॅगा कुठे ठेवणार? चार मोठे आणि दोन-तीन मुलं असतील, शेवटची रांग कधीमधीच लागणार असेल, तर मी डोळे झाकून अर्टिगा घ्या म्हणेन. सात जण, त्यांतले पाच मोठे, वर नारळ-तांदूळ आणि घाट, असं असेल तर इनोव्हा. 2005 ला आलेली ती जुनी इनोव्हा म्हणजे खाली ट्रकसारखी चेसी, 2494 सीसीचं डिझेल आणि इंजिनाची ओढ मागच्या चाकांना. जड आहे, डिझेल पिते, पायरी उंच आहे. पण भरली की ती अधिक शांत चालते आणि शेवटच्या रांगेत मोठा माणूस बसू शकतो. तिच्यातही एअरबॅग सगळ्या मॉडेलना नव्हत्या, म्हणून विक्रेता काय सांगतो ते न ऐकता स्टिअरिंगवर एसआरएस ही अक्षरं शोधायची.

इनोव्हा घ्यायची ठरली आणि मग अडचण कळली. जुन्या इनोव्हांतल्या कितीतरी भाड्याने फिरलेल्या असतात. पिवळी पाटी काढून कागदोपत्री रीतसर पांढरी करून घेतात, आणि त्यात बेकायदा काही नसतं. फक्त मीटर मागे फिरवलेलं असतं. 2012 ची गाडी आणि मीटरवर 82,000. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र नखासारखं गुळगुळीत, चालकाच्या सीटची उतरण्याच्या बाजूची कड बसलेली, स्टिअरिंग दहा-दोनच्या जागी चकाकणारं. मिस्त्रींनी डॅशबोर्डखाली तोडून टेप लावलेल्या तारा दाखवल्या. तिथे स्पीड गव्हर्नर होता, म्हणजे वेग ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं यंत्र, जे भाड्याच्या गाड्यांनाच बसवतात. आणखी एक गाडी आली ती दिल्ली पासिंगची, स्वस्तात. दहा वर्षांवरचं डिझेल दिल्लीत चालवायचं नाही असा आदेश हरित लवादाने 2015 मध्ये दिला, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच सांगितलं, आणि तिथल्या चांगल्या-वाईट सगळ्या गाड्या इतर राज्यांकडे वळल्या. इकडे आणून नव्याने रोड टॅक्स भरायचा, तिथल्या ना-हरकत दाखल्यासाठी थांबायचं. हिशोब केला तर स्वस्ताई उरत नव्हती.

शेवटी वाईजवळच्या एका गावातून निरोप आला. हळदीची शेती करणारे काका-काकू, मुलगे पुण्यात, घरात आता दोघंच. इनोव्हा 2013 ची, मीटरवर 1,74,000. आकडा ऐकून नवरा बिचकला. मिस्त्री म्हणाले, "जाऊ तर. रात्रीपासून गाडी सुरू करू नका म्हणून सांगा त्यांना." सकाळी गार इंजिन सुरू होताना जे ऐकू येतं ते तापल्यावर लपतं, म्हणून.

मी नेहमीप्रमाणे मागे जाऊन बसले आणि बेल्ट ओढला. ओढत गेले आणि काळजात धस्स झालं. शेवटच्या भागावर डाग होता. पिवळा. मी पट्टा नाकाजवळ नेला. हळद होती. सीटच्या शिवणीतही पिवळी रेघ, सीटच्या रेलमध्ये हळदीची बारीक पूड आणि चार कुरमुरे. काकू दारात उभ्या होत्या, त्यांना वाटलं मला घाण वाटतेय. "धुतली गं, पण जात नाही. नातवंडं पोत्यांवर पाय ठेवून बसायची." मला त्या क्षणी ती गाडी आवडली.

काकांनी आम्ही काही विचारायच्या आत तीन गोष्टी सांगितल्या. मागचा ब्लोअर एक नंबरवर चालत नाही, दोनपासून चालतो. डावं मागचं दार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला घासलं होतं, रंग मारलाय. क्लच अजून वर्ष-दीड वर्ष जाईल, पुढचं सांगता येत नाही. दोन महिन्यांत एकाही विकणाऱ्याने स्वतःहून दोष सांगितला नव्हता. मग त्यांनी बिलांची पिशवी आणली. किलोमीटर बिलागणिक वाढत गेलेले, कुठे उडी नाही, कुठे माघार नाही. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिलही त्यात होतं. ह्या इंजिनाला बेल्ट असतो, ठरावीक किलोमीटरनंतर डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो, आणि बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनच उघडावं लागतं. काही जण बेल्ट न बदलता नुसता दिवा घालवून घेतात. म्हणून दिवा दिसत नाही यावर जायचं नाही, बिल मागायचं.

मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं, ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं. झाकण किंचित थरथरलं, पण जागचं हललं नाही. ते उडायला लागलं, भकाभका धूर आला, तर मिस्त्री लोक म्हणतात गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. बॉनेटच्या आत कडेचा पत्रा, कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके, सगळ्या काचांवरची खूण, चारही टायरवरचे आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे, हे त्यांनी वीस मिनिटं शांतपणे पाहिलं. मी काकांना विचारलं, सगळ्यांना बसवून पसरणीचा घाट चढू का? आई, नाना, आत्या, मुलं, सगळ्यांना आम्ही पाहुण्यांकडे वाईत आणून ठेवलंच होतं. काका हसले आणि मिस्त्रींच्या हाती किल्ली देऊन ओट्यावर बसले. मिस्त्री आणि आम्ही सात, आठ जण. मुलगा माझ्या मांडीवर. एसी पूर्ण, वळणावर दुसरा गिअर, पाचगणीपर्यंत. तापमानाचा काटा मधोमध राहिला. उतरताना मी कान देऊन बसले होते, मागच्या शॉकअपचा थोडा खडखडाट सोडला तर काही नाही.

1,74,000 बिलांसह, की 82,000 गुळगुळीत पेडलसह? माझ्यासाठी हा प्रश्नच राहिला नव्हता. 6,45,000 ला ठरली.

कागदांबद्दल थोडक्यात, पण कळकळीने. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून पैसे दिले की काम झालं असं आपल्याकडे फार जण समजतात आणि गाडी महिनोन्‌महिने जुन्या मालकाच्याच नावावर फिरते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की विक्री झालेली असली तरी नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, अपघाताची भरपाईही त्याच्यावर येते. काकांसारख्या माणसाला ह्या वयात तसला घोर लावणं मला जमलं नसतं, म्हणून नाव लागेपर्यंत आम्ही पाठपुरावा केला आणि गाडी ताब्यात घेतल्याची पावती तारीख-वेळेसह त्यांना लिहून दिली. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बँकेचा बोजा होता तो त्यांनी आधीच उतरवला होता. थकलेले ई-चलन एक निघालं, त्यांनी भरलं. विमा आपल्या नावावर करायला चौदा दिवस असतात. त्यांचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. पासिंग 2028 पर्यंत आहे, पुढे पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर. ते तेव्हा बघू.

बाजूला ठेवलेल्या पन्नास हजारांतले एकोणचाळीस हजार पहिल्या पंधरवड्यात गेले. शॉकअप, सगळी ऑइलं, ब्रेक, ब्लोअरचं रेझिस्टर. आईंसाठी नवऱ्याने फूटबोर्ड बसवून घेतला. हळदीचे डाग मी मुद्दाम घासले नाहीत.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी बॅगा काढल्या आणि आत्या सवयीने म्हणाल्या, "मी थांबते, दूधवाला..." लेक म्हणाली, "आत्याआजी, दूध बंद केलंय पाच दिवस." आत्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने मला स्वयंपाकघरात हळूच विचारलं, "पण मला लागते गं गाडी. मागे बसायला जमेल का मला?" मी सांगितलं, मागे मी आणि लेक. तुम्ही मधे, डाव्या खिडकीशी. ती काच उघडते.

हेळवाक सोडलं आणि पाऊस लागला. घाट उतरताना नवऱ्याने दुसऱ्या गिअरमध्येच गाडी ठेवली, ब्रेकवर फारसा पाय नाही. धुकं इतकं की पुढच्या एसटीचे फक्त लाल दिवे दिसत होते. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर आत्यांनी काच दोन बोटं खाली केली. ओला, मातीचा, पानांचा वारा आत आला आणि आमच्यापर्यंत मागे पोचला. त्या मान वळवून म्हणाल्या, "तुम्हाला लागतोय का वारा?"

"लागतोय," मी म्हटलं, "राहू द्या उघडी."